धार इली काय?

देवबागला पोहोचलं की रस्ता संपतो. मालवणच्या दक्षिणेला, एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला अरबी समुद्र, अशी ही माडांची चिंचोळी पट्टी. टोकाशी नदी समुद्राला मिळते.

गेल्या मे महिन्यात त्या संगमावरच आमच्या भाऊजींची होडी बंद पडली. होडीत माझा नऊ वर्षांचा मुलगा होता. आधी इंजिनाचा भोंगा वाजला, मग इंजिन गप्प झालं आणि ओहोटीचं पाणी होडीला लाटांकडे ओढू लागलं. दुसऱ्या होडीने दोर टाकला म्हणून वाचलो. कारण काय, तर इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं, त्या जाळीवर चिकटलेली प्लास्टिकची पिशवी! भाऊजींनी होडी नुकतीच घेतलेली. चालवायला ते शिकले होते, इंजिन मात्र मेकॅनिकच्या भरवशावर.

म्हणून या जुलैत आम्ही दोघं गावातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत बसलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, त्यामुळे इंजिनं उघडायला हाच काळ बरा. बाहेर धो धो पाऊस, आत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अकराजण आणि शिकवायला मेस्त्रीकाका.

त्यांनी निळा ड्रम गोड्या पाण्याने भरला, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवला आणि दोरी ओढली. "धार इली काय बघ. नाय इली तर लगेच बंद कर."

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते. ती दिसली, म्हणजे आतला पंप पाणी फिरवतोय. पंपात रबरी पात्यांचं छोटं चक्र असतं. कोरडं फिरलं तर ते बघता बघता खराब होतं. म्हणून इंजिन पाण्याबाहेर कधीच सुरू करायचं नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवायचं, नाहीतर आतल्या वाटांमध्ये मीठ साचतं.

मग पंखा काढला. मागे मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली! ती सील कापते, पाणी गिअरच्या तेलात शिरतं आणि तेल दुधाळ होतं. आमच्या इंजिनाचं तेल काढलं, तर थेट दुधाचा चहा. भर समुद्रात गिअर गेला असता, तर काय केलं असतं?

स्पार्क प्लग मी स्वतः काढला, पुसला, परत बसवला. हात काळे झाले, एक नख तुटलं. मेस्त्रीकाकांनी शेवटी लाल दोरी दाखवली. तिचं एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला, की इंजिन आपोआप बंद. भाऊजी ती दोरी आजवर खुंटीला टांगून ठेवत होते.

तुम्ही कोकणात, गोव्यात, केरळात कुठेही होडीत बसलात, तर लाइफ जॅकेट घालाच. शिवाय चालवणाऱ्याच्या मनगटाकडेही एकदा बघा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा संगमाकडे निघालो. भाऊजींनी दोरी मनगटात अडकवून इंजिन सुरू केलं. मुलगा जॅकेट घालून मागे वाकला आणि ओरडला, "काका, धार इली!"