सडक्यावर चांगला

आमच्या शिरूरकडे कांदा साठवायच्या जागेला बराख म्हणतात. पाऊस लागला की आप्पा दर आठ दिवसांनी मला बराखीत कांदा निवडायला बसवत. वास आला की त्यांचा हात नेमका त्या जागी जाई. निम्मा बरा दिसणारा कांदा मी हळूच मागे ठेवी. ते तो उचलून बाहेर भिरकावत. "खतपाणी घातलं ते गेलं. आता हा शेजारचे दहा नासवील."

कुरकुंभच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली, तेव्हा आप्पा शिरूरच्या स्टँडवर सोडायला आले. न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला करत मी दौंडला निघालो होतो. म्हणाले, "काम मन लावून कर. पण जागा कुजकी निघाली, तर एवढी वर्षं घातली म्हणून बसून राहू नकोस." तीन वर्षांनी ती नोकरी सोडून मी रांजणगावला आलो. घरात सगळे चिडले, आप्पा सोडून.

२०२० च्या टाळेबंदीत कंपनी बंद. मोबाईलवर डीमॅट खातं उघडलं, सुरुवातीला दोन पैसे सुटले आणि मी शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये उतरलो. घेतलेल्या कॉल ऑप्शनचा भाव पडला की आणखी घ्यायचा, पुन्हा पडला की पुन्हा. याला 'ॲव्हरेज करणं' म्हणतात. गुरुवारी एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायची वेळ, आली आणि सगळ्याचं शून्य झालं.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमची बराख निम्मी भरलेली. आप्पांनी सरकारला शिव्या घातल्या, जेवले आणि सकाळी कांदा निवडायला बसले. "भाव दिल्लीत ठरतो. निवडणं आपल्या हातात."

शेजारी बसून मी माझा तोटा सांगितला. ॲव्हरेज म्हणजे काय, ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सडक्यावर चांगला ओतलास की!"

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने आकडा दिला: आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे गमावले. मला त्यात आपलीच बराख दिसली.

आता सौदा करण्याआधीच कुठे बाहेर पडायचं तो आकडा वहीत लिहितो, स्टॉपलॉस लावतो. आप्पांना त्याची गरज पडली नसती. मोबाईलला वास येत नाही, एवढीच माझी अडचण.