बसऱ्याचा टाक

आजीच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तळहाताएवढी काशाची एक चकती असायची. हळदीकुंकवाची पुटं इतकी, की वरचं काही दिसायचं नाही. "बसऱ्याला गेलेले थोरले बाबा," एवढंच आजी सांगायची. हे पणजोबांचे मोठे भाऊ.

आजीच्या मागे घर आवरताना मी ती चिंचेने घासली, तर सिंह निघाला, आणि इंग्रजीत कोरलेलं नाव. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकार ही चकती देई. तिच्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नसे. मरणात सगळे सारखे म्हणून.

आणि त्या आघाडीवर पडलेल्यांचं बसऱ्याचं स्मारक? १९२९ साली उभारलेल्या त्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनिहाय नुसती संख्या. आमचा माणूस तिथे एका आकड्यात आहे.

मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या; बसरा तिथलंच. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनने तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात उपासमारीने टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. थोरले बाबा त्या वेढ्यात होते की आधीच गेले, याचा कागद अजून हाती लागलेला नाही. हौसेने भरती झाले की पोटासाठी, ते तर कोणत्याच कागदात नसणार. मला राग येतो, पण नेमका कुणाचा, ते ठरत नाही. आजीला साम्राज्याशी घेणंदेणं नव्हतं, तिने दीराला... चुकले, चुलत सासऱ्यांना सरळ देवांत बसवलं.

चकती पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायची का, यावर घरात एकमत नाही.

तुमच्याकडे जुनं पदक, पेन्शनचा कागद असेल, तर मोडीत घालण्याआधी त्यावरचं नाव तेवढं उतरवून ठेवा.