पंप

घरी जुळवलेल्या वॉटर कूलिंगमध्ये चर्चा सगळी रेडिएटरची होते. पण पंप थांबला की रेडिएटर कितीही मोठा असो, ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी तापतं आणि प्रोसेसर आधी वेग कमी करतो, मग बंद पडतो. माझं काम रेंडरिंगचं. मशीन रात्रभर चालतं. नागपूरचा मे महिना, एसी नाही, आणि त्याच खोलीत आई झोपते. पंपाकडून दोनच अपेक्षा होत्या: थांबू नये आणि ऐकू येऊ नये.

"कूलरची मोटर टाक ना, तीनशे रुपयांत काम होते," बाबा म्हणाले. सूचना वेडगळ नव्हती. २०००च्या आसपास हौशी लोक मत्स्यालयाचेच पंप वापरायचे. ईहाइम या जर्मन कंपनीचा १०४८ त्यातला लाडका. ताशी ६०० लिटर, दीड मीटर हेड. पण असले पंप घरच्या २३० व्होल्टवर चालतात. कॉम्प्युटर सुरू आणि पंपाचं बटण बंद, असं आमच्या घरात एक ना एक दिवस होणारच. त्यात कूलरच्या मोटरला उघडी टाकी लागते, धूळ आलीच.

हेड या शब्दाने मला बरंच झुलवलं. पंप पाणी किती उंच चढवू शकतो, ते हेड. कॅबिनेट अर्ध्या मीटरचं, मग जवळपास चार मीटर हेडचा पंप कशाला? तर गच्चीवरची टाकी भरण्याचा हिशोब इथे लागतच नाही. बंद नळीत एका बाजूने चढलेलं पाणी दुसऱ्या बाजूने उतरतं, उंचीचं ओझं फिटतं. पंप झगडतो तो ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक खाचांशी, रेडिएटरच्या चपट्या नळ्यांशी आणि प्रत्येक वळणाशी.

शेवटी डी५ घेतला. डीडीसी आकाराने लहान आणि दाबाला जास्त, पण तो तापतो आणि गुणगुणतो. डी५ १२ व्होल्टवर, कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायवर चालतो. आत दांडा नाही; चक्री एका छोट्या गोळीवर तोललेली, आणि वंगण म्हणजे तेच पाणी. म्हणून तो कोरडा क्षणभरही चालवायचा नाही. पाणीही ६० अंशांच्या आत हवं. किंमत ऐकून बाबा नुसतेच "बाप रे" म्हणाले. माझी एका प्रोजेक्टची कमाई त्यात गेली.

बसवताना पाण्याची टाकी पंपाच्या वर ठेवली, म्हणजे पाणी आपोआप त्याच्या तोंडाशी येतं. पंपाखाली जाड स्पंज. मग पॉवर सप्लायची एक पंपाची वायर सोडून बाकी सगळ्या काढल्या आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडली. मदरबोर्डला वीज न देता पंप चालतो तो असा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, पंप दोन सेकंद चालवून थांबवायचा, पुन्हा ओतायचं. बाबा टॉर्च धरून होते. कॅबिनेट तिरकं केलं की रेडिएटरमधून बुडबुड्यांची माळ निघायची आणि पंप खडखडायचा.

प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून पंप एक दिवस-रात्र तसाच चालवला. कागद कोरडे निघाले. वेग पाचवरून तीनवर आणला. तापमानात एखाद्या अंशाचाच फरक पडला, आवाज मात्र जवळपास गेला. तो ऐकायला कूलर बंद करावा लागला, तर आई उठून बसली.