आता मी पुरावे शोधत नाही

उत्पत्तीच्या पुस्तकातले पहिले अध्याय आणि जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक यांचा मेळ बसवून दाखवणं हे ख्रिस्ती शिक्षकाचं कर्तव्य आहे, असं मी अनेक वर्षं मानत होतो. मंडळीतल्या तरुणांना सांगायचो, सहा दिवस म्हणजे सहा युगं. विज्ञानाला जिथे उत्तर सापडलेलं नाही, तिथे देवाचा हात दाखवायचो. पहिली पेशी कशी झाली? डोळ्यासारखी रचना आपोआप कशी घडेल? ही माझी ठरलेली उदाहरणं होती. आज मी यातलं काहीच सांगत नाही. प्रार्थना तशीच चालू आहे, रविवारची उपासना चुकत नाही, आणि तरीही विचार बदलला आहे. तो कसा बदलला ते मोकळेपणाने सांगतो.

आमच्या बुऱ्हाणपुरात नागझिरीला कबीरपंथाचं निर्णय मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात कबीरांच्या ‘बीजक’वर ‘त्रिज्या’ नावाची टीका लिहिणाऱ्या पूरणसाहेबांची ही परंपरा. तिचा पाया आहे ‘पारख’: पारखून घ्या, मगच माना. जगाला कोणी कर्ता आहे, हे ही परंपरा मानत नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी याच वाटेवरचे. देव न मानणारा माणूस मनातून उद्धट असतो, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. या माणसाइतका नम्र आणि सचोटीचा माणूस मी शाळेत दुसरा पाहिला नाही. मी डोळ्याचं उदाहरण दिलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, उद्या याचं उत्तर सापडलं, तर तुमचा देव कुठे जाईल?”

मला उत्तर देता आलं नाही. डोळ्याची रचना टप्प्याटप्प्याने कशी घडत गेली, याचं स्पष्टीकरण विज्ञानाकडे आहे, हे मी वर्गात शिकवतही होतो. म्हणजे माझा देव माणसाच्या अज्ञानावर उभा होता, आणि दर नव्या शोधाबरोबर त्याची जागा आक्रसत होती.

त्याच काळात मी जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी वाचलं. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी 1927 मध्ये मांडलं आणि 1931 मध्ये विश्वाच्या आरंभी एक आदिम अणू असल्याची कल्पना पुढे ठेवली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो, तिची ही सुरुवात. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मितीला दुजोरा दिसतो, अशा अर्थाचं भाषण केलं. लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, तो आस्तिकालाही मोकळं ठेवतो आणि नास्तिकालाही, अशी त्यांची भूमिका होती. रोज मिस्सा अर्पण करणारा माणूस आपलंच संशोधन देवाचा पुरावा म्हणून वापरू देत नाही, हे वाचून मी कितीतरी वेळ विचार करत राहिलो. त्यांच्या श्रद्धेला समीकरणाचा टेकू नको होता. मग माझ्याच श्रद्धेला तो का हवा?

हा बदल सोपा नव्हता, आणि त्यातला सर्वांत कठीण भाग मृत्यूचा होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायावरून मी शिकलो होतो की एका माणसाच्या पापामुळे मरण जगात आलं. पण आमच्याच राज्यात, धार जिल्ह्यात, टायटनोसॉर डायनासोरांची 92 घरटी आणि त्यांतली 256 अंडी सापडली. ते संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. माणूस जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीची ही अंडी. त्यांतली काही कधी उबलीच नाहीत. तेव्हा आदाम नव्हता, पाप नव्हतं, पण मरण होतं. प्रेमळ देवबापाच्या सृष्टीत इतकं मरण कशासाठी? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वेदनेने कण्हणाऱ्या सृष्टीविषयी बोलतो, तो भाग मी आता पुन्हा पुन्हा वाचतो. माझा विश्वास वधस्तंभावरच्या ख्रिस्तावर आहे. त्याने दुःखाचं स्पष्टीकरण दिलं नाही. तो त्यात उतरला. प्रयोगशाळेत हे सिद्ध होणार नाही. तरी यावर मी आयुष्य उभं केलं आहे.

श्रद्धा आणि ज्ञान यांच्या नात्याचं एक उदाहरण गावातच होतं. आमच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी सुलतान आदिलशाहाच्या काळातला, 1590 च्या सुमाराचा. त्याची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून होते आणि पुढे तिथी-नक्षत्रांसह काळाची नोंद येते. नमनाने गणित सुटत नाही आणि गणितातून नमन निघत नाही. दोन्ही एकाच दगडावर नांदतात. तो लेख मी पूर्वीही पाहिला होता; आता त्याचं मोल कळतं.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा पूर्वीचा मी कदाचित सुखावलो असतो. आता मात्र मला वाईट वाटलं. हा विषय राहिला तो बारावीच्या जीवशास्त्रात; पण बारावीला पोहोचणारी मुलं थोडी, त्यांत जीवशास्त्र घेणारी आणखी थोडी. बाकीच्यांना हे कोण सांगणार? जमेल तेव्हा मीच सांगतो.

मंडळीतल्या एका मुलीला भूशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. घरच्यांना भीती होती की ती विश्वास गमावेल. मी तिला म्हटलं, “जा बेटा. खडकात जे दिसेल तेच लिही, देवाची बाजू सावरायला त्यात काही मिसळू नकोस.” बायबलमधल्या ईयोबानेही आपल्या मित्रांना हेच सुनावलं होतं: देवाच्या वतीने तुम्ही खोटं बोलणार का? सत्याला घाबरून जपावी लागणारी श्रद्धा मला नको आहे, आणि आमच्या मुलांच्या हातीही मला ती द्यायची नाही.