तंतू आणि कणिका

पुण्यात पीएचडी करत होते तेव्हा आमच्या सूक्ष्मदर्शकाला जुना आर्गॉन लेसर होता. चालू केला की अर्धा तास तापू द्यायचा, आणि बंद केल्यावरही पंखा फिरता ठेवायचा. नाहीतर नळी गेलीच. मला हवा होता त्याचा 488 नॅनोमीटरचा निळा उजेड. मायटोट्रॅकर ग्रीन हा रंग जिवंत पेशीतल्या तंतुकणिकांत जाऊन बसतो आणि निळा उजेड पडला की हिरवा चमकतो.

त्या रात्री हेला पेशींना एक औषध देऊन मी बसले होते. काचेखाली 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं बेतशीर. चित्र तेवढं अंधुक. लेसर 2 टक्क्यांवरून 20 वर नेला. काय झळाळलं! लांबलचक दोरे, सळसळणारे. दर पाच सेकंदांना एक चित्र घेत गेले, आणि वीस मिनिटांत दोरे तुटून त्यांचे मणी झाले. औषधाचा परिणाम! आनंदाने झोप लागली नाही.

सकाळी यंत्र सांभाळणाऱ्या काकांना फिल्म दाखवली. ते म्हणाले, “शेजारच्या पेशी बघितल्यास का गं?”

नव्हत्या बघितल्या. पुन्हा सगळं तसंच केलं आणि शेवटी काच जराशी सरकवली. औषध सगळ्यांना सारखंच मिळालेलं. पण मणी फक्त लेसर फिरलेल्या चौकोनात. चौकोनाबाहेर दोरे शाबूत. लेसर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही बारीक ठिपक्यात एकवटतो. तिथे चेतवलेला रंग आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतो, आणि तो बिथरलेला ऑक्सिजन तंतुकणिकांनाच पोळतो. म्हणजे मी रात्रभर माझ्याच उजेडाचा परिणाम टिपत होते. शाळेत घोकलेल्या ‘तंतुकणिका’ या शब्दात तंतूही आहे आणि कणिकाही, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं.

सहा महिन्यांचा आराखडा बदलावा लागला. त्या औषधाने, पुढे कळलं, काहीच होत नव्हतं.

आता सॉलिड-स्टेट लेसर आलाय. डब्याएवढा, मुका, चालू आहे का हे दिवा बघून ठरवायचं. अर्ध्या टक्क्यावर भागतं. चित्रं दाणेदार येतात, आणि सर दर बैठकीत विचारतात, “जरा उजळ नाही का काढता येत?”