प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणि हातातला संगणक

नव्वदच्या दशकात ज्यांनी गावोगाव फिरून आरोग्य सर्वेक्षणाचं काम केलं, त्यांच्या आठवणीत एक पत्र्याची ट्रंक हमखास असते. कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा वेगळा, भरलेल्यांचा वेगळा, दोन्ही सुतळीने करकचून बांधलेले. मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गात. पाऊस आला की आम्ही आधी ट्रंक आत घ्यायचो, मग अंथरुणं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ची. सूत्रं मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे. देशभरातली सुमारे ८८ हजार घरं आणि सगळी माहिती कागदावर. देशाचा अहवाल हाती आला १९९५ मध्ये. त्या काळातल्या सर्वेक्षणांची रीत साधारण सारखीच होती. दिवसभर घरं फिरायची, संध्याकाळी दिव्याखाली एडिटरबाई पान न् पान तपासायच्या. बाळाच्या लसीचा रकाना रिकामा दिसला की सकाळी पुन्हा त्याच घरी जायचं. नंतर गठ्ठे शहरात पोचायचे, तिथे आकडे संगणकात भरले जायचे, आणि भरतानाच्या चुका सापडाव्यात म्हणून पुन्हा एकदा भरले जायचे.

सगळ्यांत जास्त वेळ जायचा तो मुलांच्या जन्मतारखांना. दाखला क्वचितच असे. मग मावशी आठवून आठवून सांगायच्या, ‘‘थोरला बहात्तरच्या दुष्काळातला, मधली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, आणि हा किल्लारीच्या भूकंपाआधी महिनाभर.’’ आम्ही श्रावणी अमावस्येवरून ऑगस्ट की सप्टेंबर ते ठरवायचो. भूकंपाची तारीख, ३० सप्टेंबर १९९३, सगळ्यांना पाठ होती. अशा गप्पांतून एकेक तारीख पक्की व्हायची आणि तेवढ्यात त्या घराशी ओळखही पक्की व्हायची.

आज हे चित्र पार बदललं आहे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत कागद गेला आणि मुलाखत घेणाऱ्या मुलींच्या हाती छोटे संगणक आले. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न कोणता, हे यंत्रच ठरवतं. लहान भावाची जन्मतारीख मोठ्याच्या आधीची पडली, तर तिथल्या तिथे विचारतं. या फेरीत सहा लाखांहून अधिक घरं झाली आणि प्रथमच देशातल्या प्रत्येक जिल्ह्याचं आरोग्य आकड्यांत वेगळं दिसलं. पुढच्या फेरीसाठी महाराष्ट्रातल्या मुलाखती २०१९ मध्ये झाल्या आणि राज्याचे मुख्य आकडे डिसेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, जाहीरही झाले. गठ्ठे वाहिलेल्या माणसाला या वेगाचं मोल बरोबर कळतं. कुपोषणाचा आकडा दोन वर्षं ट्रंकेत पडून राहिला, तर त्यातलं मूल तेवढ्या काळात दोन वर्षांनी मोठं झालेलं असतं, किंवा गेलेलं असतं.

तरीही एक प्रश्न तेव्हा जिथे होता तिथेच आजही आहे. जिवंत मुलांची यादी झाली की बाईला विचारावं लागतं : जन्मल्यावर रडलं, पण पुढे जगलं नाही, असं एखादं बाळ होतं का? या एका प्रश्नावर देशाचा बालमृत्युदर उभा असतो. तेव्हा असं विचारलं की आमची पेन्सिल थांबायची. बाई पदराशी चाळा करत बसायची, आम्हीही गप्प बसायचो. काही वेळाने उत्तर यायचं. पडद्यावरचा प्रश्न विचारणारीने त्या क्षणी मान वर केली नाही, बाईकडे पाहिलं नाही, तर ‘नाही’ असं उत्तर मिळतं. यंत्राला त्यात काही चूक दिसत नाही आणि ते पुढच्या प्रश्नावर जातं. एक बाळ मात्र देशाच्या हिशेबातून सुटतं.

पहिल्या फेरीत देशात हजार जन्मांमागे सुमारे ७९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हा आकडा ३५ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं शंभरात २६ होती, ती ८९ झाली. ही घसरण आणि ही चढण आपल्याला ठाऊक आहे, कारण हजारो बायकांनी अनोळखी मुलींना ओसरीवर बसवून घेतलं आणि आपलं सर्वांत खासगी दुःख सांगितलं. तो विश्वास कागदाच्या काळात कमावलेला आहे. संगणकाच्या काळात तो राखणं जास्त अवघड, कारण माहिती आता क्षणात कुठेही पोचू शकते.

म्हणून या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना सांगणं आहे : संमती घाईत उरकू नका. ही माहिती कशासाठी, कोण पाहणार, नाव कसं गुप्त राहणार, हे घरच्या भाषेत समजावून सांगा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन किती निघालं ते त्या बाईला तिथेच सांगा. आणि वाचकहो, असं कुणी तुमच्या दारी आलं तर जरूर बसवून घ्या, मनात असतील ते प्रश्न निर्धास्त विचारा, आणि मग खरं तेच सांगा.