केरमारियाचें देऊळ

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत, प्लुआ गांवानजीक, मेरीमातेचें केरमारिया नांवाचें लहानसें दगडी देऊळ आहे. त्याची स्थापना तेराव्या शतकांतली. आंत शिरून मान वर केली कीं, कमानींवरील भिंतींवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेलें मृत्यूचें नृत्य दृष्टीस पडतें. राजा, कार्डिनल, शेतकरी यांचे हात धरून मधून मधून प्रेतें नाचत आहेत. या रांगेंत पंक्तिभेद नाहीं! पुढें या चित्रांवर चुना फासला गेला. १८५६ सालीं तीं पुन्हां उजेडांत आलीं. आपलें स्मशानवैराग्य घरीं येऊन पाय धुतले कीं संपतें. येथील भाविकांनीं मात्र तें पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वागविलें. तेथून निघतांना आम्ही कांहीं वेळ मुकाट्यानें चाललों.